कोलमारच्या चित्रात कोपऱ्यात बसलेला तो आजारी माणूस, त्याला नेमकं काय झालंय?

राइनकाठची

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण चार दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायलाच बसले.

आई तीन महिन्यांसाठी माझ्याकडे बाझलला आलीये. गेल्या शनिवारी आम्ही दोघी ट्रेनने कोलमारला गेलो, जेमतेम पाऊण तास लागतो, हद्द ओलांडली की फ्रान्स. मी ठरवलं होतं ती रंगीत लाकडी घरं बघायची, कालव्यापाशी फोटो काढायचे, कुठेतरी कॉफी प्यायची आणि संध्याकाळी घरी. पण पाऊस लागला म्हणून उंटरलिंडन म्युझियममध्ये शिरलो आणि सगळा दिवस तिथेच गेला, कारण आई एका चित्रासमोरून हलेचना.

ते चित्र म्हणजे इझेनहाइमची वेदी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, माटियास ग्र्यूनेवाल्ड नावाच्या चित्रकाराने १५१२ ते १५१६ च्या सुमारास रंगवलेली, कपाटाच्या दारांसारखी उघडणारी प्रचंड मोठी लाकडी वेदी. दारं बंद असली की समोर क्रूसावरचा येशू. उघडली की आत येशूचा जन्म आणि पुनरुत्थान, म्हणजे त्याचं मेल्यावर परत जिवंत होणं. अजून एक जोडी उघडली की मधे लाकडाच्या कोरीव मूर्ती आणि दोन्ही बाजूंना संत अँथनीची चित्रं. आता म्युझियमवाल्यांनी सगळे थर सुटे करून मांडलेत, त्यामुळे फिरून फिरून बघता येतं.

आई ३१ वर्षं सातारा जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं लेबर रूमला. तो क्रूसावरचा येशू बघून मी खरं सांगते मान फिरवली. अंगभर काटे रुतलेत, कातडी हिरवट झालीये, ओठ निळे, पाय सुजून वेडेवाकडे, हाताची बोटं ताणून फाकलेली. आई मात्र अजून जवळ गेली. म्हणाली, "अगं, हे ज्याने काढलंय ना, त्याने असा माणूस जवळून बघितलाय. मनाने नाही येत हे काढता."

मग आम्ही अँथनीच्या चित्राकडे गेलो. म्हातारा संत जमिनीवर पडलाय आणि भुतंखेतं त्याचे केस ओढतायत, काठ्या उगारतायत, सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं. पण खाली डाव्या कोपऱ्यात एकजण बसलाय, डोक्यावर लाल टोपडं, पोट फुगलेलं, अंगावर फोडच फोड, एक हात थोटका दिसतो आणि पायाची बोटं बदकासारखी पडद्याने जोडलेली. आई म्हणाली, "याच्याकडे कुणी बघतच नाहीये बघ." मला तर कळेना की हे भूत आहे की पेशंट. शेजारच्या माहितीत एवढंच कळलं की ही वेदी इझेनहाइम गावातल्या ज्या मठाची होती तिथले ब्रदर 'सेंट अँथनीची आग' नावाच्या रोगाच्या लोकांची सेवा करायचे.

आणि त्याच चित्रात उजवीकडे खाली एक कागदाचा कपटा रंगवलाय, त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय. फोनवर अर्थ बघून मी आईला सांगितलं की त्यात म्हटलंय, चांगल्या येशू, कुठे होतास तू, कुठे होतास, माझ्या जखमा बऱ्या करायला का नाही आलास? आई तिथल्या बाकावर बसलीच. म्हणाली रात्रपाळीला हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय, फक्त देवाचं नाव वेगळं असायचं.

तर मला विचारायचंय की त्या कोपऱ्यातल्या माणसाला काय झालंय, कुणा डॉक्टरला सांगता येईल का? आणि आजारी माणसांच्या समोर असं भयानक चित्र का ठेवत असतील? आपल्याकडे दवाखान्यात गणपतीचा नाहीतर साईबाबांचा शांत फोटो असतो, बघून बरं वाटावं म्हणून. इथे नेमकं उलटं. आणि अजून एक, आईसाठी विचारतेय, येशूच्या जन्माच्या चित्रात लाकडी टब, पाळणा आणि चक्क शूचं भांडं आहे, ते बघून ती इतकी खूश झाली की म्हणाली ही तर बाळंतिणीची खोली! त्या काळातली अशी अजून चित्रं कुठे बघायला मिळतील, ज्यात दवाखाना, बाळंतपण, घरातलं साधं काही दिसतं?

त्वचारोग_नाशिक

खूप छान लिहिलंय, आणि काकूंची नजर जबरदस्त आहे हे आधी सांगतो.

'सेंट अँथनीची आग' म्हणजे ज्याला आम्ही अर्गोटिझम म्हणतो. राय नावाचं धान्य असतं (मोहरीवाली राई नाही, गव्हासारखं थंड प्रदेशातलं धान्य, जर्मनीकडचा काळा ब्रेड त्याचाच), त्याच्या कणसावर एक बुरशी येते. दाण्याच्या जागी काळपट, लांबुडकी, जराशी वाकलेली काडी तयार होते, कोंबड्याच्या पायाला मागे नखी असते तशी. फ्रेंचमध्ये त्या नखीला अर्गो म्हणतात, त्यावरून नाव पडलं. ओला हंगाम झाला की ही बुरशी फोफावायची, गरिबाकडे दुसरं धान्य नसायचं, मग ते सगळं दळून भाकरीत जायचं.

त्या बुरशीत जी द्रव्यं असतात ती रक्तवाहिन्या आवळतात. हातापायाच्या टोकांना रक्त पोचत नाही, आधी मुंग्या येतात, मग आतून जाळल्यासारखी आग आग होते, मग तो भाग बधिर होतो, काळा पडतो, वाळतो आणि कधीकधी सांध्यापाशी आपोआप गळून पडतो, फारसं रक्तही न येता. काही लोकांना झटके यायचे, भास व्हायचे. आता विचार करा, पेशंटला आग होतेय, बोटं कोळशासारखी काळी झालीयेत आणि डोळ्यांसमोर नाही नाही ते दिसतंय. त्या लोकांनी त्याला संताची आग म्हटलं यात नवल काय!

पण त्या कोपऱ्यातल्या माणसाबद्दल मी छातीठोक सांगणार नाही. थोटका हात, फुगलेलं पोट ठीक आहे, पण अंगभर पू भरलेले फोड हे अर्गोटचं लक्षण नाही. अर्गोटमध्ये कातडी सुकते, काळी पडते. असे फोड बघितले की मला आधी सिफिलिस आठवतो, तो १४९५ च्या आसपास युरोपात नव्याने पसरला होता आणि सुरुवातीच्या त्या साथीत भयंकर मोठे फोड यायचे. १४९६ चं न्युरेम्बर्गमधलं ड्यूरर या जर्मन चित्रकाराचं एक छापचित्र आहे, त्यात असाच फोडांनी भरलेला माणूस उभा आहे. म्हणजे वेदी रंगवली तेव्हा हा रोग युरोपला ठाऊक होऊन वीसेक वर्षंच झाली होती.

नावाचं पण बघा, इटलीत नागिणीला अजूनही 'संत अँथनीची आग' म्हणतात, इंग्लंडमध्ये धावऱ्याला (कातडी लाल होऊन सुजते तो रोग) तेच नाव होतं. आग होते ना, की अँथनी. आपण नाही का अंगावर पट्टा उठला की नागीण म्हणून मोकळे होतो.

आता खास काकूंसाठी. लेबर रूमच्या फ्रीजमध्ये ती छोटी अँप्यूल असायची, बाळंतीण झाल्यावर रक्तस्राव थांबावा म्हणून द्यायची, मेथर्जिन. ते याच बुरशीतून आलंय. अर्गोटमधलं एक द्रव्य गर्भाशय घट्ट आवळतं, सुइणींना हे फार पूर्वीपासून माहीत होतं, जर्मनीतल्या लोनित्सरच्या १५८२ च्या वनस्पतींच्या पुस्तकात सुइणी कळा येण्यासाठी ही काळी काडी वापरतात असा उल्लेख आहे. काकू इंजेक्शन देण्याआधी बीपी बघायच्या ना, जास्त असेल तर मेथर्जिन द्यायचं नाही म्हणून? त्याचं कारण तेच, हे औषध रक्तवाहिन्यापण आवळतं. ज्या गुणामुळे इझेनहाइमच्या लोकांचे पाय काळे पडले त्याच गुणाला मापात आणून आपण बायका वाचवल्या.

आणि तुम्ही बाझलला राहता म्हणून सांगतो, हे काम तुमच्याच गावात झालंय. १९१८ मध्ये आर्थर श्टोलने बाझलच्या सँडोझ कंपनीत अर्गोटमधून अर्गोटामिन वेगळं काढलं, ते पुढे मायग्रेनला वापरलं गेलं, आणि मेथर्जिनपण सँडोझचंच, श्टोल आणि अल्बर्ट होफमान यांचं.

बाजरीवाला_शिरूर

डॉक्टर तुम्ही लिहिलेलं वाचून अंगावर काटा आला कारण हा रोग आमच्या रानात येतो. बाजरीवरचा अरगट! शाळेत असल्यापासून नाव ऐकतोय पण हे अर्गोट म्हणजेच आपला अरगट हे आज कळलं.

बाजरी फुलोऱ्यात असताना आभाळ भरून राहिलं, झिमझिम पाऊस लागून राहिला की कणसातून मधासारखा चिकट गुलाबी रस गळायला लागतो, हाताला चिकटतो, माश्या मुंग्या बसतात त्यावर. नंतर तिथे दाणा भरतच नाही, काळपट कडक खडे होतात. आमची आजी ते कणीस लांबूनच ओळखायची, म्हणायची ही बाजरी ना माणसाला ना जनावराला. खाल्लं तर उलट्या होतात, गरगरतं, गुंगी येते. हातपाय झडल्याचं मात्र आमच्याकडे कधी ऐकलं नाही.

उपाय एकदम साधाय, कृषीवाले पण हेच सांगतात आणि आम्ही करतोच. पेरायच्या आधी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवायचं, त्यात बियाणं टाकून ढवळायचं. अरगटाचे खडे आणि पोचट दाणे हलके असतात ते वर तरंगतात, ते काढून लांब नेऊन नष्ट करायचे, खाली बसलेलं बी दोन तीनदा चांगल्या पाण्याने धुवायचं आणि सावलीत सुकवायचं. एवढंच. मला राहून राहून वाटतंय की त्या लोकांना कुणी ही मिठाची बादली दाखवली असती तर किती हातपाय वाचले असते, त्यांना धान्यात दोष आहे हे माहीत होतं का नव्हतंच?

त्वचारोग_नाशिक

शिरूरकर, बाजरीवरची बुरशी त्याच घराण्यातली पण वेगळ्या जातीची, तिच्यातली द्रव्यं वेगळी आहेत, म्हणून उलट्या आणि गुंगी येते पण गँगरीन होत नाही. बरं झालं लिहिलंत.

आणि नव्हतं माहीत. फ्रान्समध्ये दोदार नावाच्या माणसाने १६७६ मध्ये विज्ञान अकादमीला पत्र लिहून रायच्या काळ्या दाण्याशी या रोगाचा संबंध लावला, म्हणजे वेदी रंगवल्यावर दीडशेहून जास्त वर्षांनी. बुरशीचं पूर्ण जीवनचक्र तर १८५३ ला कळलं. पण गंमत बघा, मठात पेशंट बरे व्हायचे! अँथनीच्या ब्रदरांकडे चांगला गव्हाचा ब्रेड मिळायचा आणि डुकराचं मांस मिळायचं. विषारी भाकरी बंद झाली की ज्यांचं अजून फार बिघडलेलं नाही ते हळूहळू सुधारणारच. बरं कशाने वाटतंय हे कुणालाच कळत नव्हतं, पण बरं वाटत होतं हे खरं.

वसईकर

मी कॅथलिक आहे, वसईचा, तर दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

पहिली म्हणजे अँथनीचा घोटाळा होऊ देऊ नका. आपल्याकडे जो संत अंतोनी सगळ्यांना माहितीये, हातात बाळ येशू आणि लिलीचं फूल, वस्तू हरवली की ज्याच्याकडे मागणं मागतात, तो पादुआचा, त्याचा सण १३ जूनला. या वेदीवरचा अँथनी त्याच्या कितीतरी शतकं आधीचा, इजिप्तच्या वाळवंटात एकटा राहणारा तपस्वी, सण १७ जानेवारीला. त्याची खूण म्हणजे टी अक्षरासारखी काठी, घंटा आणि डुक्कर. अँथनीचे ब्रदर काळ्या झग्यावर निळा टी लावायचे, आणि त्यांच्या डुकरांना गळ्यात घंटा बांधून गावात मोकळं फिरायची परवानगी असायची, लोक त्यांना उष्टंखरकटं घालायचे. त्या डुकरांची चरबी मलमात जायची. इटलीत १७ जानेवारीला अजूनही लोक गाई, कुत्री, कोंबड्या चर्चच्या दारात आशीर्वादाला आणतात.

औषधातपण धर्म आणि वनस्पती वेगळे नव्हते. संताच्या अस्थींवरून वाइन ओतायची आणि ती पेशंटला द्यायची, त्याला 'सांत विनाज' म्हणायचे. तीर्थच म्हणा. वेदीवर अँथनी दुसऱ्या एका तपस्व्याला, संत पौलाला, भेटायला गेलाय ते चित्र आहे ना, त्यात दोघांच्या पायापाशी झाडपाला रंगवलाय तो उगाच नाही, ओळखता येतील अशा औषधी वनस्पती आहेत. व्हर्बेना आहे, प्लांटागो आहे, आपला इसबगोल त्याच प्लांटागोच्या कुळातला. परत गेलात तर आईंना ते दाखवा.

दुसरी गोष्ट तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ताई, तुम्हाला ते चित्र भयानक वाटलं हे मी समजू शकतो, पण आमच्यासाठी क्रूसावरचा येशू भयानक नसतो. माझी आजी शेवटचे पाच महिने अंथरुणाला खिळली होती, पाठीला जखमा झाल्या होत्या, तिच्या उशाशी येशूच्या आईची, मारियेची सुंदर तसबीर होती आणि हातात लाकडी क्रूस होता. दुखायला लागलं की ती तसबिरीकडे नाही बघायची, क्रूस घट्ट धरायची. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "याला ठाऊक आहे कसं दुखतं ते." इझेनहाइमच्या येशूच्या अंगावर रोग्यासारखीच कातडी आहे. ज्याची बोटं काळी पडलीयेत, ज्याला घरच्यांनी बाहेर काढलंय, गावाने वाळीत टाकलंय, त्याला मठात आणल्यावर आधी या वेदीपुढे नेत असत असं सांगतात. त्याने वर बघितलं तर देवाची अवस्था त्याच्यासारखीच.

आणि नवसाचं म्हणाल तर बांद्र्याला मोत माउलीच्या जत्रेत जा, मेणाचे हात, पाय, डोळे, छोटी बाळं विकायला असतात, जे दुखतंय ते माउलीला वाहायचं, आणि ते वाहणाऱ्यांत निम्मे लोक हिंदू असतात.

रंगरेषा

उशीर झाला लिहायला. मी बडोद्याला कलेचा इतिहास शिकले आणि ही वेदी माझ्या फार जवळची आहे, त्यामुळे थोडं सविस्तर.

वसईकरांनी जे लिहिलं त्यात एक भर घालते. क्रूसाचं चित्र दोन दारांवर मिळून आहे आणि येशू बरोबर मधोमध नाहीये, जरा बाजूला सरकवलाय. दार उघडलं की त्याचा एक हात अंगापासून वेगळा होतो. खालच्या लांब फळीवर येशूचं प्रेत मांडलंय, तीही मधून उघडते आणि तिथे पाय तुटल्यासारखे दिसतात. काही अभ्यासकांचं म्हणणं आहे की हे हातपाय कापून घेतलेल्या पेशंटसाठी मुद्दाम केलंय. मुद्दाम की सुताराच्या सोयीसाठी हे सिद्ध करता येणार नाही, पण बघणाऱ्याला ते दिसत असणारच ना! आणि मग दारं उघडून जे आत दिसतं ते पुनरुत्थान, तोच येशू, पण अंगावर एक फोड नाही, एक काटा नाही, कातडी उजेडासारखी. जखमेच्या खुणा तेवढ्या राहिल्यात हातापायाला. हे रोज नाही दिसायचं, आतली चित्रं सणावाराला उघडायचे. म्हणजे पेशंट रोज आपलं दुखणं बघायचा आणि सणाच्या दिवशी बरं झालेलं अंग बघायचा. बाळाच्या जन्माच्या चित्रात मारियेने बाळाला ज्या फडक्यात धरलंय ते फाटकं आहे, बघितलंत? क्रूसावर येशूच्या कमरेला पण तसंच फाटकं फडकं आहे. काकूंना टब आणि भांडं दिसलं, हे फडकंपण त्यांना दिसलंच असणार.

कोपऱ्यातल्या माणसाबाबत मी डॉक्टरांशी सहमत आहे आणि थोडी असहमतपण. इंटरनेटवर जिथे तिथे त्याला 'अर्गोटिझमचा पेशंट' म्हणून चिकटवलेलं असतं ते घाईचं आहे. पण सिफिलिस म्हणणंही मला तितकंच घाईचं वाटतं. पायाची बोटं पडद्याची आहेत, म्हणजे चित्रकार त्याला अर्धा भुतांच्या बाजूला ठेवतोय. मला वाटतं त्याने मठात बघितलेली सगळी दुखणी एका अंगावर गोळा केलीयेत, फोड कुणाचे, पोट कुणाचं, थोटका हात कुणाचा. तो एक पेशंट नाही, सगळा वॉर्ड आहे.

हातपाय कापायचं काम ब्रदर स्वतः करत नसत, त्यासाठी शल्यवैद्य ठेवायचे. त्यातला एक हान्स फॉन गेर्सडोर्फ, स्ट्रासबर्गचा, म्हणजे तिथून जवळच. त्याचं शस्त्रक्रियेचं पुस्तक १५१७ ला छापलं गेलं, वेदी पूर्ण झाल्यावर लगेचच. त्यात पाय करवतीने कापतानाचं एक लाकडी ठशाचं चित्र आहे, छापील पुस्तकातलं असं पहिलंच चित्र मानतात. पेशंट खुर्चीत बसलाय, सर्जन वाकून कापतोय, आणि मागे एक माणूस नुसता उभा आहे, त्याचा हात आधीच कापलेला आहे, त्यावर जनावराचं मूत्राशय बांधलंय आणि गळ्यात अँथनीचा टी. तो काही करत नाही. पण माझी नजर दरवेळी त्याच्यावरच जाते, जो यातून गेलाय आणि जिवंत आहे असा माणूस पेशंटच्या मागे उभा.

आता काकूंसाठी. सिएनाला सांता मारिया देल्ला स्काला म्हणून जुनं हॉस्पिटल आहे, आता म्युझियम झालंय. तिथल्या मोठ्या दालनात डोमेनिको दि बार्तोलोने १४४० नंतरच्या चारपाच वर्षांत भिंतींवर हॉस्पिटलचंच काम रंगवलं. एका भिंतीवर मांडीला मोठी जखम झालेला तरुण मुलगा बसलाय, त्याचे पाय धुतायत, शेजारी दोन वैद्य लघवीची काचेची बाटली उजेडात धरून रंग बघतायत, तेव्हा निदानाची मुख्य पद्धत तीच होती. एका खाटेपाशी जाडजूड पाद्री रोग्याचं पापनिवेदन ऐकतोय. आणि पुढे चक्क कुत्रं आणि मांजर भांडतायत! दुसऱ्या चित्रात टाकून दिलेली बाळं, त्यांना पाजणाऱ्या दाया, मोठ्या झालेल्या मुलीचं हॉस्पिटलने लावून दिलेलं लग्न. आणि याच चित्रांच्या खाली पेशंटच्या खाटा असायच्या, अगदी विसाव्या शतकापर्यंत, तसे जुने फोटो आहेत.

फ्लॉरेन्सला जमलं तर सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमधलं गिरलांदायोचं मारियेच्या जन्माचं भित्तिचित्र बघा, १४८५ ते १४९० मधलं. श्रीमंत घरातलं बाळंतपण आहे, एक बाई इतक्या घाईत पाणी ओततेय की तिचा पदर... पदर नव्हे, झगा, पण तसाच उडालाय. बाळाला आंघोळ घालायची तयारी चाललीये आणि भेटायला आलेल्या बायका रांगेत, नटूनथटून. तिथून जरा चालत गेलात की इन्नोचेंती, ब्रुनेलेस्कीने आराखडा केलेलं अनाथ बाळांचं घर, १४४५ ला सुरू झालं. बाहेरच्या कमानींवर आंद्रेआ देल्ला रोब्बियाची निळ्या गोलातली, कपड्याच्या पट्ट्यांनी घट्ट गुंडाळलेली बाळं आहेत. काकूंनी हजारो बाळं गुंडाळली असतील, त्या गुंडाळणीत चूक काढतात का बघायला आवडेल मला.

आणि सगळ्यात साधी चित्रं हवी असतील तर नवसाच्या पाट्या. इटलीत तोलेन्तिनोला संत निकोलाच्या चर्चमध्ये पंधराव्या शतकापासूनच्या अशा लहान लाकडी पाट्या जपून ठेवल्यात. गावातल्या साध्या चित्रकाराकडून करून घेतलेल्या. खाट, खाटेवर आजारी माणूस, घरचे गुडघ्यावर बसलेले, वरच्या कोपऱ्यात ढगात संत. कुणी झाडावरून पडलंय, कुणाचं मूल आजारी आहे. भिंतीवरची फळी, चादरीचे पट्टे, चुलीपाशी ठेवलेलं भांडं, घरातलं सगळं त्यात येतं कारण नवस आपल्या घरात फळाला आला हे दाखवायचं असतं ना.

राइनकाठची

सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाहीये. काल रात्री जेवण झाल्यावर आईला सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला, सव्वा तास लागला कारण ती मधेमधे थांबवत होती.

मेथर्जिनचं वाचलं तेव्हा ती काही बोलली नाही. उठली, पाणी प्यायली, परत येऊन बसली. मग म्हणाली, आमच्याकडे रात्री लाइट गेली की पहिली काळजी त्या फ्रीजची असायची, बर्फाच्या डब्यात अँप्यूल ठेवून मी किती रात्री बसलेय. एकदा एका पोरीला, एकोणीस वीस वर्षांची असेल, रक्त थांबत नव्हतं, गाडी यायला दोन तास होते, आणि ती अँप्यूल होती म्हणून ती पोर वाचली, पुढच्या वर्षी संक्रांतीला वाण घेऊन आली होती दवाखान्यात. बीपीचं ती म्हणाली की आम्हाला ट्रेनिंगला पाठ करून घेतलं होतं, कारण कुणी सांगितलं नव्हतं, आज कळलं.

फडकं फाटकं आहे हे तिला दिसलं होतं! मला सांगितलं नाही म्हणाली कारण मी घाईत होते. आणि रंगरेषा, तुमचं 'सगळा वॉर्ड आहे' हे तिला पटलंय, डॉक्टर तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. वसईकर, तुमच्या आजीचं वाक्य तिने मला परत एकदा वाचायला लावलं.

येत्या शनिवारी परत जातोय. या वेळी फक्त म्युझियम. तिला झाडपाला बघायचाय, कापलेला हात कुठून वेगळा होतो ते बघायचंय आणि त्या कोपऱ्यातल्या माणसापाशी बसायचंय जरा वेळ, असं म्हणाली. सिएनाची तिकिटं बघतेय.

शिरूरकर, आईने तुम्हाला खास विचारलंय, तो काळा दाणा तिला बघायचाय. ३१ वर्षं बाटलीतलं हातात धरलं, आता रानातलं बघू म्हणते. फोटो मिळेल का?

बाजरीवाला_शिरूर

ताई आत्ता रान मोकळंय. काकूंना माझा नमस्कार सांगा. भाद्रपदात कणसं फुलोऱ्याला आली आणि आभाळ राहिलं तर एखाद्या कणसावर दिसेलच, दिसलं की आधी इथे फोटो टाकतो मग उपटून जाळतो.